व्हॅनवरचा गुरू का सुटला: एका स्टिकरचा प्रकरण अभ्यास

आमच्या संस्थेची एक फिरती प्रयोगशाळा आहे. सातारा जिल्ह्यातल्या छोट्या शाळांपर्यंत दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, चुंबकं, काचेचं सामान नेणारी एक पांढरी व्हॅन. तिच्या दोन्ही बाजूंवर सूर्यमाला काढायची ठरली तेव्हा रंगवण्यापेक्षा छापील विनाइल स्टिकर लावणं सोयीचं वाटलं. मागच्या दारापाशी सूर्य, मग एकेक ग्रह पुढे सरकत आलेले, हँडलजवळ शनी, आणि बॉनेटच्या दोन्ही खांद्यांवर एकेक गुरू, 24 सेंमी व्यासाचा. वर छताच्या गोल कडेवरून एका धूमकेतूची लांब शेपटी. (क्रम खगोलशास्त्राप्रमाणे नव्हता, हे पहिल्याच शाळेत एका मुलीने दाखवून दिलं.) फेब्रुवारीत गावातल्या रेडियमच्या दुकानात काम झालं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गुरूंच्या कडा उचलल्या आणि हँडलमागच्या वाटीत दाबून बसवलेला शनी ताशाच्या कातड्यासारखा ताणून बाहेर आला.

दुकानदाराने लगेच निदान केलं: "सर, गम कमी पडला. प्रायमर मारून देतो." काम करणारा माणूस सचोटीचा होता, त्याने पैसेही मागितले नाहीत. एप्रिलमध्ये नवं प्रिंट काढलं, कडेने प्रायमर (गमाची पकड वाढवणारा द्रव) लावला, हीट गनची गरम हवा मारून चुण्या ताणून काढल्या. मेच्या मध्यापर्यंत तेच पुन्हा. या वेळी कडा प्रायमरमुळे काही ठिकाणी धरून होत्या, पण त्यांच्या आत बोटभर रुंदीचे बोगदे तयार झाले होते. म्हणजे सुटायला कडेला जागा मिळाली नाही, तर फिल्म मधून सुटली.

इथे मला थांबावंसं वाटलं, कारण पुरावा समोर होता आणि आम्ही तो वाचत नव्हतो. तीच फिल्म, तोच गम, तोच रंगवलेला पत्रा, तेच ऊन. सपाट बाजूवरचा सूर्य तसूभरही हललेला नव्हता. त्याहून बोलकी होती ती धूमकेतूची शेपटी. छताच्या कडेची गोलाई अवघ्या 6 सेंमी त्रिज्येची, बॉनेटच्या खांद्यापेक्षा कितीतरी जास्त वळलेली. वाकल्यामुळे स्टिकर सुटतो म्हणावं तर शेपटी सगळ्यात आधी सुटायला हवी होती. ती घट्ट होती. गम दोषी असता तर सगळीकडे दोषी असता. वळण दोषी असतं तर शेपटी गेली असती. मग गुरूखाली असं काय होतं, जे शेपटीखाली नव्हतं?

उत्तर आहे दोन दिशांची वक्रता. छताची कड म्हणजे नळकांड्याचा तुकडा: एका दिशेने वळलेली, दुसऱ्या दिशेने सरळ. कागद नळकांड्यावर गुंडाळताना तो फक्त वाकतो, त्याची लांबी-रुंदी कुठेही बदलत नाही. बॉनेटचा खांदा पुढून मागे वळतो आणि डावीकडून उजवीकडेही वळतो. जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउसने 1827 मध्ये सिद्ध केलं की पृष्ठभागाच्या दोन मुख्य वक्रतांचा (सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वळणाच्या) गुणाकार हा त्या पृष्ठभागाचा असा गुण आहे, जो न ताणता, न आकसता कितीही वाकवलं तरी बदलत नाही. सपाट कागदाचा हा गुणाकार शून्य, नळकांड्याचाही शून्य, म्हणून एकाचं दुसरं होतं. घुमटाचा शून्य नाही. तेव्हा सपाट फिल्म घुमटावर बसायची तर ती कुठे तरी ताणली गेलीच पाहिजे, कुठे तरी आकसली किंवा दुमडली गेलीच पाहिजे. गाउस त्याच दशकात हॅनोव्हर राज्याची भूमापन मोहीम चालवत होता; गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची अडचण त्याला कागदावरच नव्हे, शेतातही भेटत होती. आमची अडचण तीच, फक्त उलट्या बाजूने: सपाट गुरू गोल पत्र्यावर चढवायचा होता.

किती जास्तीचा माल जिरवायचा आहे हे मोजता येतं. पुठ्ठ्याचे साचे कापून मी खांद्याची गोलाई मोजली. एका दिशेने त्रिज्या साधारण 18 सेंमी आली, काटकोनातल्या दिशेने 32. गुणाकार 576, म्हणजे 24 चा वर्ग, तेव्हा हा खांदा साधारण 24 सेंमी त्रिज्येच्या गोलासारखा वागतो. आता सपाट कागदावर केंद्रापासून 12 सेंमीवर काढलेल्या वर्तुळाचा परीघ असतो सुमारे 75.4 सेंमी. तेच 12 सेंमी अंतर गोलाच्या पाठीवरून मोजून काढलेलं वर्तुळ लहान भरतं. या गोलासाठी ते सुमारे 4 टक्क्यांनी लहान, म्हणजे जवळजवळ 31 मिमी. स्टिकरच्या कडेला 31 मिमी जास्तीची फिल्म आहे आणि तिला बसायला पत्र्यावर जागाच नाही.

गणितावर विसंबायचं नव्हतं म्हणून वर्तमानपत्राचं 24 सेंमीचं वर्तुळ कापलं, ओलं केलं आणि खांद्यावर थापलं. कडेने चुण्या पडल्या. प्रत्येक चुणीत दुमडलेला कागद पट्टीने मोजून बेरीज केली: 28 मिमी. एवढ्या ओबडधोबड प्रयोगाला हा मेळ मला फार समाधान देऊन गेला. दुकानातला मदतनीस मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे सर, आम्ही गन मारून ताणतो ते हेच तीस मिलिमीटर मारायला." अगदी बरोबर. कडेची जास्तीची फिल्म आकसवता येत नाही, म्हणून कारागीर मधला भाग ताणतो, जेणेकरून कडा आणखी बाहेर सरकून तिला पुरेशी जागा मिळावी. चुणी दिसेनाशी होते. पण ती नाहीशी होत नाही, फिल्मच्या आत ताण होऊन साठून राहते.

हा साठा किती महाग पडतो ते पाहू. दुकानात वापरलेली फिल्म आणि तिच्यावरचं लॅमिनेशन मिळून जाडी साधारण 180 मायक्रॉन. तिचा ताठपणा मी अंदाजाने 300 मेगापास्कल धरला. नेमका आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी पुढच्या तुलनेत फरक पडत नाही. ही फिल्म 18 सेंमी त्रिज्येवर नुसती वाकवायला दर चौरस मीटरला सुमारे 0.003 ज्यूल लागतात. छताच्या 6 सेंमी गोलाईवर सुद्धा 0.025 च्या आत. पण तीच फिल्म सरासरी 2 टक्के ताणून धरायची तर दर चौरस मीटरला जवळजवळ 11 ज्यूल. वाकवण्याच्या चार हजार पट. शेपटी का टिकली आणि गुरू का सुटला, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

जाडीचाही वाटा वेगवेगळा आहे. जाडी दुप्पट केली तर वाकवायचा खर्च आठपट होतो, ताणायचा फक्त दुप्पट. म्हणून वाकण्याचा जाच होतो तो जाड लेबलाला आणि फार लहान त्रिज्येवर: पेनावर, इंजेक्शनच्या बारीक कुपीवर, दाराच्या धारेवर. आमच्या फिल्मसाठी ती त्रिज्या साधारण 3 मिमी निघते. त्याहून मोठ्या गोलाईवर वाकण्याची काळजी करण्याचं कारण नव्हतं.

आता गमाकडे. अशा स्टिकरवरचा गम दाबाने चिकटणारा असतो, तो वाळत नाही, घट्ट होत नाही, आयुष्यभर अर्धा द्रव अर्धा रबर असाच राहतो. 3एम कंपनीतल्या कार्ल डाल्क्विस्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निकष आहे: असा गम सुमारे एक लाख पास्कलपेक्षा मऊ असला तरच तो पृष्ठभागाच्या बारीक खाचखळग्यांत शिरून चिकटतो. हाच मऊपणा त्याची दुसरी बाजूही ठरवतो. गुळाच्या कच्च्या पाकासारखं त्याचं वागणं असतं: झटक्याने ओढला तर चिवट, सावकाश ओढत राहिलं तर हळूहळू वाहतो. दुकानदार गम तपासतो तो नेहमी झटक्याने, कोपरा धरून खेचून. त्या परीक्षेत आमचा गम उत्तम उत्तीर्ण होत होता. पण ताणलेली फिल्म झटका देत नाही. ती रात्रंदिवस थोडंथोडं ओढत राहते.

म्हणून तशीच परीक्षा घेतली. व्हॅनसारख्याच रंगाच्या, भंगारातून आणलेल्या सपाट पत्र्यावर त्याच फिल्मची 25 मिमी रुंद पट्टी चिकटवली, एक दिवस तशीच ठेवली, मग पत्रा आडवा उलटा टांगून पट्टीच्या सुट्या टोकाला 50 ग्रॅमचं वजन लावलं. काटकोनात सोलताना ओढ भागिले रुंदी हीच दर चौरस मीटरची सोलण्याची ऊर्जा ठरते. 50 ग्रॅमसाठी ती येते सुमारे 20 ज्यूल. रात्रभर सावलीत पट्टी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी तोच पत्रा मेच्या उन्हात टांगला. पत्र्याचं तापमान 60 अंशांच्या पुढे गेलं आणि दुपारी बारा ते चार या वेळात पट्टी चार सेंटिमीटर सुटत गेली, मुंगीच्याही चालीने नव्हे, घड्याळाच्या तासकाट्याच्या चालीने. थंड असताना जो गम दणकट होता तोच तापल्यावर 20 ज्यूलसुद्धा सांभाळत नव्हता. आणि बॉनेट तर इंजिनाच्या उष्णतेनेही तापतं. 11 ज्यूलचा साठा घेऊन बसलेला गुरू मार्चमध्ये सुटला यात आता नवल उरलं नाही.

प्रायमरने काय केलं तेही उलगडलं. त्याने कडेची पकड वाढवली, साठा मात्र तसाच ठेवला. उलट दुसऱ्या वेळी चुण्या जास्त कसोशीने काढल्यामुळे साठा वाढलाच असणार. मी त्या प्रिंटवर लावण्यापूर्वी मार्करने एक-एक सेंटिमीटरचे चौकोन आखले होते. लावून झाल्यावर मधले चौकोन 10.4 मिमीपर्यंत लांबलेले होते. एवढी ओढ कडेला बांधून ठेवली तर ती मधे वाट काढते. ते बोगदे म्हणजे तीच वाट.

शनीची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त शिकण्यासारखी. हँडलच्या मागे बोटं जायला पत्रा वाटीसारखा आत दाबलेला असतो. तिथे कारागिराने फिल्म आधी वाटीच्या तोंडावर आडवी चिकटवली, मग गरम करून अंगठ्याने आत ढकलली. बहिर्वक्र घुमटावर ताणलेली फिल्म निदान पृष्ठभागाला दाबून धरते, जशी ढोलाची दोरी आवळली की कातडं खोडावर बसतं. अंतर्वक्र वाटीत तोच ताण फिल्मला पृष्ठभागापासून दूर खेचतो. किती जोराने? ताण भागिले त्रिज्या. आमच्या फिल्ममध्ये 2 टक्के ताणाला दर सेंटिमीटर रुंदीमागे सुमारे 11 न्यूटन ओढ येते. वाटीची त्रिज्या 5 सेंमी, ओढ दोन्ही दिशांनी. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला चारशे ग्रॅमहून जास्त वजन टांगल्यासारखं. गरम केल्याने फिल्म सैलावते, ओढ समजा दहावा भाग उरली, तरी चाळीस ग्रॅम. दर चौरस सेंटिमीटरला, चोवीस तास, तापलेल्या गमावर. घुमटावर मित्र असलेला ताण वाटीत शत्रू होतो, आणि हीट गन धरणाऱ्या हाताला दोन्हीकडे सारखंच वाटतं. फिल्म गुळगुळीत बसलेली दिसते.

वाटी भरायचीच असेल तर उलट क्रम लागतो: आधी तळाशी, न ताणता, मग बाहेरच्या दिशेने. पण शनीसाठी मी तो खटाटोप केला नाही. नव्या आराखड्यात त्याला चाळीस सेंटिमीटर मागे, सपाट पत्र्यावर नेऊन ठेवलं. जिथे चिकटवायची गरज नाही तिथे चिकटवू नये, हा उपाय कमीपणाचा मानण्याचं काही कारण नाही.

गुरू मात्र खांद्यावरच हवा होता, कारण व्हॅन शाळेच्या फाटकातून आत येताना मुलांना पहिल्यांदा तोच दिसतो. यावर तोडगा सुचला तो पृथ्वीगोलावरून. छापील कागदाचा पृथ्वीगोल बनवणारे कारागीर सपाट जगाचा नकाशा गोलावर ताणत बसत नाहीत. ते होडीच्या आकाराच्या निमुळत्या पट्ट्या छापतात आणि शेजारी शेजारी डकवतात. जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरने 1507 मध्ये छापलेल्या गोलाच्या अशा बारा पट्ट्या होत्या. कागद ताणला जात नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून जास्तीचा भाग त्यांनी आधीच कापून टाकला.

पट्टीची रुंदी इथे विलक्षण प्रभावी ठरते. ताणाची टक्केवारी रुंदीच्या वर्गाने बदलते आणि ऊर्जा ताणाच्या वर्गाने. म्हणजे रुंदी अर्धी केली की ताण चौथाई आणि ऊर्जा सोळावा हिस्सा. 24 सेंमीच्या गुरूच्या 6 सेंमीच्या चार पट्ट्या केल्या तर ताण सोळावा हिस्सा, ऊर्जा 256 वा. अकरा ज्यूलचे राहिले 0.04. आणि गुरू हा ग्रह यासाठी जणू मुद्दाम घडवलेला, कारण त्याच्या अंगावर आडवे पट्टे आहेतच! फिकट आणि गडद पट्ट्यांच्या सीमेवरून कापलं तर सांधा दिसणारसुद्धा नव्हता. चित्रकाराने काढलेली ती तांबूस-पांढरी रेघ आणि बलाने मागितलेली रेघ एकच निघाली. हे लिहितानाही मला त्याचा आनंद होतो आहे.

एका गोष्टीवर दुकानदाराशी बराच वेळ बोलणं झालं: महाग फिल्म घ्यायची का? आधीची कॅलेंडर्ड जातीची होती. ती गरम रुळांमधून लाटून, ओढून बनते, म्हणून जन्मतःच थोडी ताणलेली असते आणि ऊन मिळालं की आकसू पाहते. कास्ट जातीची फिल्म द्रव विनाइल कागदावर ओतून भट्टीत भाजून बनते. तिच्यात ओढ साठलेली नसते, ती पातळ आणि मऊही असते. ताणायचा खर्च साधारण पाचवा हिस्सा. पण किंमत बरीच जास्त. मी म्हटलं, दोन खांदे आहेत, दोन गुरू आहेत, दोन्ही करून पाहू. उजवा गुरू कास्ट फिल्मचा, डावा आधीच्याच कॅलेंडर्ड फिल्मचा, आणि दोघांच्याही चार-चार पट्ट्या. "सर, डावा परत येणार," दुकानदार म्हणाला. पण त्याने मन लावून काम केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याआधी, सकाळच्या सावलीत पत्रा गार असताना लावलं. पत्रा आधी साबणपाण्याने, मग स्पिरिटने पुसला. प्रत्येक पट्टीची मधली रेघ आधी टेकवली, स्क्वीजीने (फिल्म दाबत न्यायच्या सपाट पट्टीने) मधून टोकांकडे आणि मग कडांकडे, कुठेही न खेचता. खालची पट्टी आधी, वरची तिच्यावर थोडी चढवून, कौलं शाकारताना चढवतात तशी, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात शिरू नये. मधे पट्ट्या अगदी नावापुरत्या एकमेकींवर येत होत्या, पण टोकांकडे जाता जाता चढ वाढत गेला आणि मधल्या सांध्याच्या टोकाला 7 मिमी भरला. तीन सांध्यांच्या सहा टोकांचा चढ मी मोजला: मिळून 33 मिमी. कडेला जागा न मिळालेला तो तीसेक मिलिमीटरचा माल अखेर इथे, उघड्यावर, कुणालाही न ओढता पडून होता. मदतनीस मुलाने मोजपट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

उजव्या गुरूला शेवटी हीट गनने 95 अंशांपर्यंत शेकला, तापमान दुरून मोजायच्या थर्मामीटरवर बघत, म्हणजे उरलासुरला ताणही सैल पडावा. हे काम पत्र्याच्या बॉनेटवर चाललं. प्लास्टिकच्या बंपरवर मी एवढी उष्णता दिली नसती, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ तर हीट गन आणूच नये.

पावसाळा गेला, ऑक्टोबरचं ऊन गेलं, पुढचा मे महिनाही गेला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दोन्ही खांद्यांचे फोटो काढत होतो. दोन्ही गुरू बसून आहेत. उजव्यात काहीच बदल नाही. डाव्याच्या पट्ट्या आकसल्या आहेत: कडेने साधारण एक मिलिमीटर रुंदीची, धूळ धरलेली गमाची काळपट रेघ उघडी पडली आहे. पण एकही कड उचललेली नाही. दुकानदाराने ती रेघ नखाने खरवडून पाहिली, मग खांद्याला वाकून, डोळा पत्र्याच्या पातळीला आणून, कडेखाली फट शोधली. सापडली नाही.

"पुढच्या गाडीला स्वस्तातलीच लावू," तो म्हणाला, "पण कापून." मग त्याने संगणकावर एका रुग्णवाहिकेच्या बॉनेटचं चित्र उघडलं आणि मोठ्या लाल अधिक चिन्हातून रेघ कुठून न्यावी, असं मला विचारलं.